यादी संपली, पॉइंटर उरला

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये तुरीच्या हंगामात आमचा बोर्ड पुन्हा पुन्हा बंद पडायला लागला, तेव्हा मिलमध्ये त्याची दोन निदानं झाली. मालकांचं निदान होतं की यंत्र भंगार आहे. काट्यावर बसणाऱ्या मामांचं निदान जास्त कामाचं होतं. "साहेब, लाईट जाऊन आली की तुमचं डबडं मरायलंय बगा. दर येळेस न्हाई, पर मरतंय." यातलं "दर येळेस न्हाई" ऐकलं की ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाचे कान टवकारतात. दर वेळेस होणारी चूक सापडते. अधूनमधून होणारी चूक म्हणजे बहुधा दोन कामं एकाच वेळी एकाच मेमरीत हात घालतायत, आणि कोण आधी पोहोचेल त्यावर सगळं अवलंबून आहे.

बोर्ड साधाच आहे. चौसष्ट बिटी एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स कर्नल ५.१०, आणि यूएसबीला जोडलेली आमची एक पेटी. पेटीला आठ जोडण्या. एकीवर ट्रकचा मोठा काटा, काहींवर पोत्यांचे छोटे काटे, एकीवर ओलावा मोजायचं यंत्र. पेटी सगळ्यांचे आकडे गोळा करते, बोर्ड ते वाचतो आणि पावती निघते. बोर्डाला बॅटरी आहे, पेटीला नाही. त्यामुळे लाईट गेली की बोर्ड जागाच असतो, पण त्याच्या लेखी कुणीतरी पेटी उपटून नेलेली असते. जनरेटर सुरू झाला की पेटी परत येते. लाईट आली की जनरेटर बंद करताना पुन्हा एक झटका. हंगामात हे दिवसातून कितीदा होतं ते मामांनाच माहीत.

नांदेडला भाग्यनगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची टेबलं आहेत. तिथं हीच पेटी महिनोन्‌महिने सुरळीत चालायची. केबल उपटून बघितली, परत लावली, काही झालं नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीच पेटी लातूरला पोहोचली की मात्र तिला मरण यायचं. आमच्यातल्या एकाने तर लातूरच्या पाण्यालाच दोष दिला. विनोद म्हणून ठीक होतं, पण मालकांसमोर तो करता येत नव्हता.

मरताना कर्नल एक जबानी लिहून ठेवतो, तिला आमच्या धंद्यात ऊप्स म्हणतात. कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या पत्त्यावर हात घातला आणि तो पोळला, एवढं त्यात असतं. आमच्या जबानीतला पत्ता डेड या अक्षरांनी सुरू होत होता. संगणकाचे पत्ते सोळाच्या पायावर लिहितात आणि नऊच्या पुढे ए ते एफ ही अक्षरं आकडे म्हणून वापरतात, त्यामुळे डेड हा आकडाही लिहिता येतो. कर्नलवाल्यांनी तो मुद्दाम निवडलाय. एखादा घटक यादीतून काढला की त्याच्या पुढच्या आणि मागच्या दुव्यात कर्नल हे विषारी पत्ते भरून ठेवतो, एकाच्या शेवटी १०० आणि दुसऱ्याच्या शेवटी १२२. या पत्त्यावर कधीच काही नसतं. यादीतून काढलेल्या घटकाला धरून कुणी पुढं जायला बघितलं तर ते तिथंच कोसळावं, निदान सावकाश कुजत बसू नये, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे आमच्याकडे कुणीतरी काढून टाकलेल्या घटकावरून पुढं चाललं होतं. काही वेळा मात्र पत्ता डेडचा नसायचा, भलताच असायचा, कारण तोवर ती मेमरी दुसऱ्या कुणाला दिली गेलेली असायची. एकाच आजाराच्या अशा वेगवेगळ्या जबान्या आल्या की माणूस दोन आजार शोधत बसतो. आम्हीही काही दिवस दोन शोधत होतो.

इथं लिनक्सची यादी कशी असते ते सांगणं भाग आहे. कॉलेजात शिकवतात ती यादी सरळ असते. एकामागून एक घटक, शेवटच्याच्या पुढं नल, म्हणजे काहीच नाही. कर्नलची यादी गोल असते. लातूरकरांना गंजगोलाईचं उदाहरण पुरेल. निजामाच्या काळात आखलेली ती गोल बाजारपेठ, सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं मंदिर. एखादं दुकान शोधत तुम्ही तिथून फिरायला निघालात आणि ते सापडलं नाही, तर वाट कुठं संपत नाही. तुम्ही निघालात तिथंच परत येता, आणि ती जागा दुकान नसते. कर्नलच्या यादीतही सुरुवातीची खुंटी, हेड, हा घटक नसतो. त्यात फक्त पुढचा आणि मागचा असे दोन दुवे असतात, माल काही नसतो. लूप तिथं परत आला की संपतो.

या यादीवरून फिरायला कर्नलमध्ये तयार मॅक्रो आहेत. लिस्ट फॉर ईच एन्ट्री हा रोजचा. फिरताना हातातला घटक यादीतून काढायचा असेल तर तो चालत नाही, कारण काढल्यावर पुढचा दुवा विषारी होतो. मग त्याचा सेफ जोडलेला भाऊ वापरतात. तो पुढच्या घटकाचा पत्ता आधीच बाजूला लिहून ठेवतो, मग हातातल्या घटकाचं तुम्ही काहीही करा. इथवर सगळं बरोबर. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत आहे. हा सेफ तुम्हाला फक्त तुमच्यापासून वाचवतो. बाजूला लिहून ठेवलेला पुढचा घटक दुसऱ्याच कुणी उडवला तर त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या ड्रायव्हरचा सांगाडा जुना, एका पुरवठादाराकडून आलेला होता. पेटी उपटली गेली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये अडकलेल्या सगळ्या वाचन-मागण्यांची यादी होती. लॉक घ्यायचं, सेफवाल्या लूपने यादीवर फिरायचं, प्रत्येक मागणी रद्द करायची. अडचण अशी की यूएसबीची मागणी रद्द करणारं फंक्शन ती खरोखर संपेपर्यंत थांबून राहतं, झोपतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. म्हणून त्याने लूपच्या आत लॉक सोडलं, मागणी रद्द केली, पुन्हा लॉक घेतलं आणि पुढं गेला. वाचताना यात काही खटकत नाही, लॉकची घेवाण-देवाण अगदी नेटकी आहे. पण लॉक सुटलेल्या त्या क्षणात दुसरीकडे काय चालतं? पेटीची वीज गेलेली असते, म्हणून उरलेल्या सगळ्या मागण्याही चूक घेऊन एकापाठोपाठ परत येत असतात. प्रत्येक मागणी परत आली की तिचा कॉलबॅक चालतो, आणि तो कॉलबॅक लॉक घेऊन आपला घटक यादीतून काढतो आणि मेमरी सोडून देतो. त्यात लूपने बाजूला लिहून ठेवलेला पुढचा घटकही जातो. लूप लॉक परत घेतो आणि बिनधास्त त्या पत्त्यावर पाय ठेवतो.

नांदेडला हे का घडत नव्हतं, हे कळलं तेव्हा हसूच आलं. आमच्या टेबलावर पेटीला एकच काटा जोडलेला असायचा. लातूरला आठही जोडण्या भरलेल्या, प्रत्येकीच्या दोन मागण्या कायम अडकलेल्या. टेबलावर यादी इतकी तोकडी की लूपच्या पुढं उडवायला फारसं काही उरतच नव्हतं. ही चूक गजबजलेल्या काट्याचीच होती. म्हणून मला नेहमी वाटतं की चाचणीचं टेबल स्वच्छ ठेवण्याचा जो आग्रह असतो तो निम्मा तरी चुकीचा आहे. टेबलावर मिलची धूळ नको, पण मिलची गर्दी तरी हवी.

सिद्ध करण्यासाठी आम्ही पेटीच्या सगळ्या जोडण्यांवर खोटे काटे लावले, म्हणजे आकडे फेकत बसणारे छोटे कंट्रोलर, आणि पेटीच्या वीजवाहिनीत एक रिले टाकला, जो वाटेल तसा उघड-बंद होईल. कर्नल केसॅन घालून बांधला. मेमरीच्या प्रत्येक आठ बाइटमागे एक बाइट पहारेकरी ठेवायचा, असा केसॅनचा धंदा. सोडून दिलेल्या मेमरीला कुणी हात लावला तर तो तीन माग काढून देतो. आत्ता हात कुणी लावला, मेमरी घेतली कुणी होती आणि सोडली कुणी. तिसरा माग सोन्याचा असतो, कारण मरणारं फंक्शन आपल्याला आधीच माहीत असतं, मारणारं माहीत नसतं. त्रास एवढाच की केसॅनमुळे सगळं मंदावतं, आणि मंदावलं की वेळेचं गणित बदलून चूक दडून बसते. रिले बराच वेळ टकटकत राहिला आणि काहीच झालं नाही. खालच्या क्लासमध्ये नीटची पोरं रसायनशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत होती, आमचा रिले वर टकटकत होता, आणि क्लासच्या शिपायाने येऊन विचारलं की वर शिवणयंत्र आणलंय का. मग आकडे येण्याचा वेग वाढवला, आणि तिसऱ्या मागात कॉलबॅकचं नाव आलं.

दुरुस्ती नवी नव्हती, कर्नलमध्ये ती आधीच होती. यूएसबीच्या मागण्या बांधून ठेवायला तिथं अँकर नावाची सोय आहे. सगळ्या मागण्या अँकरला बांधायच्या आणि शेवटी एका हाकेत सगळ्या रद्द करायच्या. आत डोकावलं तर तिची रीत बघण्यासारखी आहे. ती यादीवर फिरतच नाही. लॉक घेते, टोकाची एक मागणी उचलते, तिची संदर्भ-गणना एकाने वाढवून ती हातातून निसटणार नाही याची सोय करते, लॉक सोडते, रद्द करते, गणना कमी करते आणि पुन्हा टोकाशी येऊन बघते की यादीत काही उरलंय का. पुढचा घटक कोणता हे ती कधी लिहूनच ठेवत नाही, त्यामुळे ते खोटं ठरायचा प्रश्न येत नाही. जिथं यूएसबी नाही तिथं आम्ही दुसरी रीत वापरतो. लॉक घेऊन अख्खी यादी आपल्या स्थानिक हेडवर हलवायची, मूळ यादी रिकामी करायची आणि लॉक सोडून निवांत आपल्या यादीवर काम करायचं. मात्र कॉलबॅक त्या घटकांना अजूनही हात लावू शकत असेल तर ही दुसरी रीत निरुपयोगी, हे पक्कं बघावं लागतं.

मालकांना हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचा उपाय सोपा होता. पेटीलाही यूपीएस लावा, प्रश्न मिटला. खर्च किरकोळ, आणि बोर्ड मरायचाही थांबला असता. आमच्यातही दोघांना ते पटलं होतं. मी अडून बसलो, कारण यूपीएसची बॅटरी कधीतरी बसणार, केबल कधीतरी उंदीर कुरतडणार, आणि त्या दिवशी हीच चूक दुप्पट अनोळखी होऊन समोर येणार. शेवटी आधी ड्रायव्हर बदलला, हंगामभर तो झटक्यांवर चालवला आणि मग यूपीएस लावला. मामांनी मात्र यूपीएस लागल्यावरच समाधान व्यक्त केलं.

या गोंगाट करणाऱ्या चुकीपेक्षा मला भीती वाटते ती तिच्या शांत बहिणीची. तीही त्याच ड्रायव्हरमध्ये निघाली. पेटीकडून आकडा येतो तेव्हा त्याबरोबर जोडणीचा क्रमांक येतो. ड्रायव्हर जोडण्यांच्या यादीवर फिरून त्या क्रमांकाची नोंद शोधतो, सापडली की लूपमधून बाहेर पडतो, आणि लूपनंतर पॉइंटर नल आहे का ते बघतो. नल असेल तर सोडून देतो, नाहीतर त्या नोंदीत शेवटच्या आकड्याची वेळ लिहितो. कॉलेजच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी मार्क मिळतील.

कर्नलच्या यादीत हा पॉइंटर कधीच नल होत नाही. नोंद सापडली नाही तर लूप हेडवर येऊन संपतो, आणि पॉइंटर हेडच्या पत्त्यातून ठरावीक बाइट वजा करून काढलेल्या जागी उभा असतो, जणू तिथं एक नोंद आहे. तिथं नोंद नसते. आमचं हेड ड्रायव्हरच्या मुख्य रचनेच्या पोटातच होतं, म्हणून ती जागा त्याच रचनेतल्या दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यावर पडत होती. लांब वायरवर गडबड होऊन कधी भलताच क्रमांक आला की ड्रायव्हर वेळ म्हणून एक आकडा लिहायचा आणि तो ज्यात जाऊन बसायचा, तो रकाना होता किती वेळ वाट बघायची याचा. ऊप्स नाही, लॉग नाही, विषारी पत्ता नाही. अधूनमधून एखाद्या काट्याचं उत्तर उशिरा यायचं, एवढंच. केसॅनही गप्प, कारण मेमरी आपलीच, जिवंतच. ही चूक कोड वाचतानाच सापडली, यंत्राने कधीच दाखवली नसती.

आमच्याकडे येणारी पोरं बहुतेक नांदेड आणि लातूरची, कॉलेजातून थेट. लातूर पॅटर्नवर बाहेरचे लोक हसतात, मी हसत नाही. एकाच प्रकारचे प्रश्न इतक्या वेळा सोडवलेले असतात की हात आपोआप चालतो, आणि कामावर ते उपयोगी पडतं. पण आपोआप चालणारा हात यादी संपली की नल तपासतो. कुणी विचार करून ते लिहीत नाही, ते लिहिलं जातं. जुन्या पुरवठादाराच्या माणसाचाही हात तसाच चालला असणार. आणि आपल्याकडचीच गोष्ट आहे असंही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अॅमस्टरडॅमच्या व्रिए विद्यापीठातला याकोब कोशेल हा संशोधक कर्नलच्या याद्यांच्या सुरक्षेवर काम करत होता. त्याचा मूळ विषय होता प्रोसेसर अंदाजाने पुढची पावलं टाकतो तेव्हा यादीच्या टोकाला काय गळतं हा. ते करताना त्याने यूएसबीच्या कोडमधला असाच लूपनंतर वापरलेला पॉइंटर दुरुस्त करायला घेतला. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्सना आधी या पॅचचा मूळ विषयाशी संबंध लागेना, नंतर दुखणं कुठं आहे ते ध्यानात आलं. लूपचा पॉइंटर लूपच्या बाहेर घोषित करावा लागतो, म्हणून तो लूपनंतरही जिवंत राहतो. आणि बाहेर घोषित करावा लागत होता, कारण कर्नल तेव्हा १९८९ च्या सी भाषेत लिहिला जात होता. हे तेच विद्यापीठ, जिथं अँड्र्यू टॅनेनबाउम शिकवायचे आणि १९९२ मध्ये जिथून त्यांनी टोरवाल्ड्सना लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचं सुनावलं होतं.

त्या चर्चेतून निघालेला निर्णय मोठा ठरला. मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ पासून कर्नल सी भाषेच्या २०११ च्या रूपावर गेला. लूपचं चल आता लूपच्या कंसातच घोषित करता येतं. त्यापाठोपाठ कोशेलचे ढीगभर पॅच आले, ज्यांत लूपनंतर वापरलेला पॉइंटर काढून सापडलेल्या घटकासाठी वेगळं चल ठेवलं होतं. यादीचे जुने मॅक्रो मात्र अजून तसेच आहेत, पॉइंटर बाहेरूनच मागतात. भाषा बदलल्याने सवय बदलत नाही. म्हणून मला कॉक्सिनेल जास्त भरवशाचं वाटतं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या ज्युलिया लॉवल यांच्या चमूचं हे अवजार सी कोडमधले नमुने ओळखतं, आणि लूपनंतर वापरलेला पॉइंटर शोधायची त्याची लिपी कर्नलच्या झाडातच आहे. आमचा ड्रायव्हर तिच्यातून काढला असता तर तिने ती ओळ दाखवली असती. आता प्रत्येक बदल तिच्यातून काढतो.

आमचा बोर्ड ५.१० वरच अडकलेला आहे, कारण चिप बनवणाऱ्याने दिलेला कर्नल तोच. तिथं लूपच्या कंसात घोषणा करता येत नाही. म्हणून आम्ही शोधाचे सगळे लूप छोट्या फंक्शनांत हलवले. सापडलं की लूपच्या आतूनच पॉइंटर परत द्यायचा, लूप संपला की नल. मग बाहेर नल तपासणारा हात बरोबर ठरतो, आणि फिरणारा पॉइंटर फंक्शनच्या बाहेर येऊच शकत नाही. पण फंक्शनने परत दिलेला घटक लॉक सुटल्यावर कुणी उडवणार नाही कशावरून, हा प्रश्न उरतोच. त्यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, लॉक बोलावणाऱ्याने धरावं आणि काम संपल्यावर सोडावं, कोड छोटा राहतो. मी म्हणतो, फंक्शनने लॉकच्या आतच संदर्भ-गणना वाढवून द्यावी, मग कोड वाढला तरी चालेल. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर पहिल्या रीतीने लिहिलाय, काट्यांचा दुसऱ्या. यंदा तुरीची आवक सुरू झाली की दोन्ही लातूरच्या एकाच मिलमध्ये, एकाच पेटीवर, यूपीएस काढून चालवायचं ठरलंय, आणि मालकांना ते अजून सांगितलेलं नाही.